एकोणिसावा थर

साहेबांनी पहिल्या दिवशी माझं वजन केलं.

शेडच्या दारात गोणी तोलायचा काटा ठेवलेला होता, वाण्याकडे असतो तसा. मी चपला काढून आत पाऊल टाकणार तोच ते म्हणाले, "अहो बाई, आधी इथे उभ्या राहा. डब्यासकट." मी पदर आवळून उभी राहिले, नजर खाली. त्यांनी आकडा वहीत लिहिला, मग माझ्या हातातला डबा घेऊन बाजूला ठेवला आणि पुन्हा आकडा लिहिला. "डबा नऊशे ग्रॅम. छान. जा आत."

ते सगळ्यांचंच वजन करत, हे मला नंतर कळलं. पोस्टमनचं, पाण्याचे जार आणणाऱ्याचं, गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या मंडळींचं. परदेशी पुस्तकांत माणसाचं वजन दिलेलं असतं, पण ते तिकडच्या माणसाचं. आपला माणूस निघतो तेव्हा हातात एक पिशवी असते आणि त्या पिशवीत आणखी एक पिशवी असते, असं त्यांचं म्हणणं. वजनाचा त्यांना रागच होता. "पाहुणा निदान चार दिवसांनी जातो. वजन एकदा आलं की जात नाही," असं म्हणत ते स्वतःच्या चपलांचे अंगठे कापून टाकायचे. त्याने विमान कसं हलकं होणार, ते मला कधी कळलं नाही.

तर साहेब विमान बनवत होते. बोईसरच्या एमआयडीसीत, एका बाजूला कापड रंगवायचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला औषधांच्या पावडरीचा, मध्ये आमची शेड. आमच्याकडे चिंचणी-तारापूरला घरोघरी दागिन्यांचे साचे घडवतात, तसा एखादा लहान भाग हे घडवत असतील असं मला आधी वाटलं होतं. पण ते अख्खं विमान होतं. सहा माणसं बसतील एवढं, शेपटाकडे दोन इंजिनं, पंखे नसलेली. मोठ्या विमानाची वाट बघायला ज्यांना वेळ नाही अशा धंदेवाल्यांसाठी. साहेब तेव्हा साठीच्या पुढे होते. आधी कुठे मोठ्या नोकरीत होते म्हणे. बायको वारलेली, मुलगी परदेशात. पालघरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे आणि सकाळी आमच्या आधी शेडवर हजर असायचे.

मी कशी गेले तिथे, ते सांगते. माझं माहेर केळव्याचं, सासर पामचं. माहेरी पानवेलीची वाडी आहे. आम्ही बायका पानं निवडून करंड्यांत रचायचो. पानावर पान असं ठेवायचं की हवा राहू नये आणि पान दुमडू नये. एका रविवारी साहेब भावाकडे शहाळं प्यायला थांबले आणि तासभर आमचे हात बघत बसले. डागी पान मी न बघताच कशी काढून टाकते, असं त्यांनी विचारलं. मी पुढचं पान उचललं. वहिनी म्हणाली, "तिच्या बोटांना कळतं. तोंडाला नाय कळत." सगळ्या हसल्या. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी निरोप पाठवला.

शेडमध्ये विमानाच्या आतल्या खोलीचा एक लाकडी नमुना होता, सहा खुर्च्या मांडलेला. दुपारी आम्ही आळीपाळीने त्यात बसून जेवायचं, असा त्यांचा नियम होता. साहेब बाहेर स्टुलावर बसून विचारत राहायचे, गुडघा लागतो का, डोकं टेकतं का, शेजारच्याचं कोपर लागतं का. आमच्यापैकी कोणी सुक्या बोंबलाची चटणी आणली की तो वास त्या लाकडात चार दिवस मुरायचा. एकदा मुंबईहून आलेल्या, विमानात पैसे घालणाऱ्या पाहुण्यांना तिथे बसवलं तेव्हा त्यांनी नाकाला रुमाल लावला. साहेब म्हणाले, "धंदेवाला माणूसही जेवतोच." पाहुण्यांना ते आवडलं नसावं.

बायकांशीही ते अहो-जाहो करायचे. झाडू मारणाऱ्या आजींनाही. रागावले तरी 'अहो'च, आणि ते ऐकून जास्त भीती वाटायची.

माझं काम होतं थर रचायचं. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. विमानाच्या पंखात एक कणा असतो, माशाचा काटा असतो तसा. तो आम्ही काळ्या कापडाचा करायचो. ते कापड बर्फाच्या पेटीत ठेवलेलं असायचं, हाताला जरा चिकट लागायचं आणि त्याच्या एका बाजूला निळा पातळ कागद असायचा, प्लास्टिकचा. साच्यावर एक थर पसरायचा, तळव्याने दाबायचा, बुडबुडा ठेवायचा नाही, मग निळा कागद सोलायचा आणि त्यावर दुसरा थर. असे बेचाळीस थर. बुंध्याशी कणा जाड आणि टोकाशी बारीक, माडाच्या झावळीसारखा. म्हणून प्रत्येक थराची लांबी निराळी. सगळे थर झाले की कणा खोलीएवढ्या भट्टीत जायचा आणि बाहेर यायचा तो लोखंडासारखा घट्ट होऊन.

एखादा निळा कागद सोलायचा राहिला, तर त्याच्या वरचे थर आणि खालचे थर एकमेकांना कधीच धरणार नाहीत. बाहेरून काहीच दिसणार नाही. पातळ जागी नाणं वाजवून बघता येतं, आवाज बोदा आला की समजायचं आत पोकळ आहे. पण बुंध्याच्या जाडीत नाणं खोटं बोलतं. म्हणून नियम असा की सोललेला प्रत्येक कागद भिंतीवरच्या खिळ्याला टोचायचा, आणि काम संपलं की दोघींनी मिळून मोठ्याने मोजायचा. बेचाळीस थर, बेचाळीस कागद. मग त्यांची गुंडाळी करून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवायची. साहेब त्यातला एक कागद टाकू द्यायचे नाहीत.

माझी जोडीदारीण मंदा. ती साताऱ्याकडची, नवरा रंगाच्या कारखान्यात. ती बोलायची आणि मी ऐकायची, असं आमचं छान चालायचं.

सुरुवातीला आम्ही आठ जण होतो, नंतर चाळीस झालो. विमानाचं धड तयार झालं तेव्हा ते रंगवायला शेडबाहेर ओढून काढलं होतं. पंख नाहीत, इंजिनाच्या जागी लाकडी ठोकळे, तरी अख्खी एमआयडीसी बघायला लोटली. शेजारच्या कारखान्यातले भैये फोन वर धरून उभे, "ये सच में उड़ेगा क्या?" असं आमच्या वॉचमनला विचारत होते. वॉचमन म्हणाला, "साब बोलते हैं तो उड़ेगा." साहेबांनी नारळ फोडला आणि खोबरं वाटायच्या आधी त्याचं वजन केलं.

ते धड आज केळव्याच्या रस्त्यावर एका रिसॉर्टच्या अंगणात आहे. आत खुर्च्या मांडून तिथे आईस्क्रीम देतात. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं मुलांना त्यात बसवून फोटो काढतात. माहेरी जाताना मी त्या बाजूला बघत नाही.

कण्याचं काम चाललं होतं त्यातला एक दिवस. आम्ही दोघी थर लावत होतो आणि बाजूच्या पावडरीच्या कारखान्यातून वास सुटला. असा वास आमच्याकडे नवा नाही, पण त्या दिवशी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वॉचमनने शिट्टी मारली. आम्ही ओले रुमाल नाकाला लावून रस्त्यावर पळालो आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो. तासा-दीड तासाने परत आलो. मी मंदाला विचारलं, शेवटचा कागद सोलला होता ना. ती म्हणाली, "व्हय की, तूच तर सोललास." माझ्या मनात होतं की तिने सोलला. पण निळा रंग उजेडात कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि डोळे तर अजून चुरचुरत होते. आम्ही पुढचा थर लावला. संध्याकाळी मोजले तेव्हा कागद बेचाळीस भरले. मंदाने हात जोडले. कणा भट्टीत गेला.

पुढे पंख पुरा झाला आणि परीक्षेचा दिवस ठरला. पंख लोखंडी सांगाड्याला उलटा बांधायचा आणि त्यावर पोती रचत जायची. उडताना हवा पंखाला खालून ढकलते, म्हणून उलटा. दोनशे पोती पेलली की पंख पास. मुंबईचे पाहुणे ती परीक्षा बघायला येणार होते. पंख पास झाला तर ते पुढचे पैसे देणार आणि इंजिनं येणार, नाहीतर तिथेच थांबायचं, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

पोती कशाची, यावर आठवडा गेला. रेती ओली असते, तिचं वजन दुपारपर्यंत बदलतं, म्हणून साहेबांनी ती नाकारली. भात नुकताच झोडून झाला होता. साहेब आमच्या पामला आणि आजूबाजूच्या गावांत स्वतः फिरले आणि दोन दिवसांसाठी भाताची पोती मागून आणली. प्रत्येक पोतं काट्यावर, कमी भरलं तर वर ओंजळभर घालायचं, आणि पोत्यावर खडूने मालकाचं नाव. गावात चेष्टा सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "आमी अजून एष्टीत नीट बसलो नाय, नि आमचा भात इमानावर बसला."

परीक्षेच्या आदल्या दुपारी मला माळा आवरायला सांगितला, पाहुण्यांना पसारा दिसू नये म्हणून. कण्याच्या कागदांची गुंडाळी सैल झाली होती. ती नीट करावी म्हणून मी उलगडली, आणि सवयीने बोटं फिरवत गेले. एका कागदाची कड कापलेली नव्हती, फाटलेली होती. आणखी एकाचीही तशीच. मी दोन्ही कडा एकमेकींजवळ आणल्या. फाटलेल्या पानाचे दोन तुकडे जुळावेत तशा त्या जुळल्या.

म्हणजे एक लांब कागद सोलताना फाटला होता आणि आम्ही दोन्ही तुकडे खिळ्याला टोचले होते. मोजताना ते दोन धरले गेले. कागद बेचाळीस नव्हते, एक्केचाळीस होते.

मी ते सगळे जमिनीवर पसरले, लहान-मोठ्या लांबीने, करंडीसाठी पानं लावतो तसे. अठरावा होता. विसावा होता. मध्ये एका कागदाची लांबी नव्हती. बुंध्यापासून अडीच हातांची. एकोणिसावा थर, तो वास सुटला त्या दिवसाचा.

मंदाला मी माळ्यावर बोलावलं. तिने बघितलं आणि खाली बसली. मग पटापट कागद गुंडाळायला लागली. "कुनाला बोलू नगंस," ती म्हणाली. "येक कागद. बेचाळीसातला येक. साहेब काय, धा पट जास्तीचं धरत्यात. पंख टिकंल. न टिकला तर कुनाला कळतंय कशानं तुटला? आन् तू सांगितलंस तर उद्याच शेडला कुलूप. चाळीस घरं हायती." मी म्हटलं, बघू. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "तुझ्या तोंडातनं तरी निघंल का चार लोकांत?" तिला माहीत होतं की निघणार नाही. त्यावर तिचा भरवसा होता, आणि खरं सांगायचं तर माझाही.

संध्याकाळी साहेब दोनदा समोरून गेले. एकदा थांबून म्हणाले, "अहो, माळा छान लागला." मी मान हलवली.

घरी आले तर माझा दीर नरेश खुशीत होता. साहेबांनी पोती रचायला गावातली माणसं घेतली होती, त्यांत तो होता. पंखाच्या दोन्ही बाजूंना बांबूची परांची बांधली होती, तीवर उभं राहून पोती लावायची. अंगाने दणकट म्हणून नरेशला अगदी पुढची जागा दिली होती. कुठली, असं मी विचारलं. तो म्हणाला, "सांगाड्याशी, वैनी. बुंध्याजवळच. सगळ्यात जास्त पोती तिथंच लागणार."

ताट तसंच ठेवून मी उठले. सासूबाईंनी विचारलं, पोटात दुखतंय का. मी हो म्हटलं.

सकाळी शेडवर पोचले तेव्हा पाहुणे आलेले होते. चार जण, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. साहेबांनी त्यांनाही काट्यावर उभं केलं होतं, आणि त्यांच्यातले मुख्य, पांढऱ्या केसांचे, अजून ओशाळं हसत होते. परांचीवर नरेश आणि बाकीचे कंबर बांधून उभे. पहिलं पोतं उचललेलं होतं.

मी साहेबांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. माळ्यावरून काढून आणलेले दोन्ही तुकडे माझ्या मुठीत. साहेबांनी बघितलं. "बोला." माझ्या तोंडातून आवाज आला नाही. पाहुणे माझ्याकडे बघत होते. मंदा खांबाआड उभी होती, मला तिचा चेहरा दिसत होता. मी तुकडे टेबलावर ठेवले आणि फाटलेल्या कडा जुळवून दाखवल्या.

साहेब वाकले. दोन बोटांनी कड दाबून बघितली. मग हात वर करून त्यांनी पोतं खाली ठेवायला सांगितलं.

"कुठला थर?"

"एकोनीस."

"कोण होतं?"

"मी व्हते."

"खात्री?"

"हाय."

चौथा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मला आधी का सांगितलं नाही, तुम्हाला काय कळतं, कोणाला तरी बोलवा, यातलं एकही नाही. माझ्या आयुष्यात माझ्या शब्दावर असा तोवर कोणी विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी समोरचा चहाबरोबरच्या बिस्किटांचा पुडा फाडला, त्याच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर आकडे मांडायला लागले. पाचेक मिनिटं शेडमध्ये कोणी हललं नाही. मला वाटलं आता ते पाहुण्यांना म्हणतील, आज नाही, महिन्याने या. पाहुणे ऐकले असते. तोवर पंख खोलून दुसरा कणा घालता आला असता. सगळ्यांना हेच वाटत होतं.

साहेब उठले, खडू घेतला, पंखाशी गेले आणि बुंध्यापासून अडीच हातांवर एक आडवी रेघ मारली. मग पाहुण्यांकडे वळून अगदी सरळ सांगितलं की आत एक कागद राहिला आहे, त्यामुळे हा पंख दोनशे पेलणार नाही. दीडशेच्या आत, इथे, या रेघेवर तुटेल. बघा.

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं.

परांचीवरची माणसं त्यांनी खाली उतरवली. पोती आता छताला लावलेल्या साखळीच्या पुलीने लांबून सोडायची, आणि जमिनीवर मारलेल्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत कोणी जायचं नाही. नरेश रुसला. माझ्या बाजूला येऊन कुजबुजला, "काय वैनी, मी तिथं उभा राहनार व्हतो. फोटोत आलो असतो."

मग पोती सुरू झाली. वॉचमन मोजत होता, तो हिंदीत मोजायला लागला म्हणून साहेबांनी त्याला थांबवलं आणि स्वतः मराठीत मोजायला लागले. पन्नासपर्यंत काही नाही. ऐंशीला पंखाचं टोक वीतभर खाली आलं होतं. शंभरला पहिला आवाज आला, सुकं लाकूड दाबल्यावर येतो तसा. पांढऱ्या केसांचे पाहुणे उभे राहिले. साहेब म्हणाले, "बसा. अजून वेळ आहे."

एकशे वीस. एकशे तीस. प्रत्येक पोतं खाली येताना साखळी कुरकुरायची, पोतं टेकायचं आणि मग सगळे श्वास धरून ऐकत राहायचे. माझी नजर परांचीवरच्या त्या रिकाम्या फळीवर होती, नरेशची फळी. मी देवाकडे काय मागत होते ते मला अजून नीट सांगता येत नाही. तुटू नये असं मागायचं होतं, कारण चाळीस जणांचं काम होतं. आणि न तुटला तर मी सगळ्यांसमोर खोटी पडणार होते. तुटू दे, असं एकदा मनात आलं. ते मी मंदाला कधी सांगितलं नाही.

एकशे सेहेचाळीसावं पोतं टेकलं आणि पंख तुटला.

आवाज इतका मोठा होता की शेजारच्या कारखान्यातली माणसं बाहेर धावली. भात चहूकडे उडाला. बुंध्याचा तुकडा वर उसळला आणि परांचीवर आदळला. नरेशची फळी मधोमध दुभंगून खाली आली, तिच्याबरोबर दोन बांबू. धूळ हळूहळू खाली बसली.

एकच माणूस टाळ्या वाजवत होता.

साहेब पांढरा पट्टा ओलांडून आत गेले, वाकले, रेघ शोधली आणि तिथे आपली बोटं आडवी लावली. "चार बोटं चुकलं," ते म्हणाले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा होता. लहान मुलाला जत्रेत पाळण्यात बसवल्यावर होतो तसा. ते पाहुण्यांना समजावू लागले की गणित बरोबर आहे, कागद नसता तर दोनशे नक्की पेलली असती, याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

पांढऱ्या केसांचे पाहुणे शांतपणे म्हणाले, "पण तुटलं ना?"

"सांगितलं तिथे तुटलं."

"हो. पण तुटलं."

त्यांनी अंगावरचा कोंडा झटकला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

दोन महिन्यांत शेडला कुलूप लागलं. मंदा त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाही. मी तिचं नाव घेतलं नव्हतं, ते तिला माहीत होतं, म्हणून भांडलीही नाही. मधल्या सुट्टीत डबा घेऊन दुसरीकडे जाऊन बसायची. बाकीच्यांपैकी कोणी पावडरीच्या कारखान्यात लागले, कोणी गावी गेले. मला वाटेत बघून काही जण रस्ता बदलायचे. त्यांचा राग माझ्यावर होता आणि माझा साहेबांवर. मी तर सांगितलं होतं. थांबवायचं त्यांच्या हातात होतं. एक महिना. एक खोटं कारणही लागलं नसतं, नुसतं आज नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. माणसाला वेड असावं, पण त्याने किती जणांना सोबत न्यावं.

त्याआधी, परीक्षेनंतर दोनच दिवसांनी, पोती परत करायला साहेब टेम्पो घेऊन पामला आले होते. भर दुपारी, स्वतः. फुटलेल्या पोत्यांतल्या भातात काळ्या कापडाची कुसळं मिसळली होती. तो भात खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका, म्हणून त्यांनी तेवढी पोती नव्या भाताची भरून आणली होती. ज्याचं नाव त्याच्या दारात उतरवत ते शेवटी आमच्याकडे आले.

सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. "काय साहेब, इमान उडाला का नाय?"

"नाही आजी. तुटलं."

"आरं देवा. भात किती सांडला?"

साहेबांनी ते सांगितलं. मग टोपी काढून म्हणाले की नरेशला ज्या फळीवर उभं केलं होतं ती फळी तुटली, आणि तुमच्या सुनेने सकाळी येऊन सांगितलं नसतं तर तो त्या फळीवर असता. हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं आणि नरेश तर फोटोचंच बोलत होता. सासूबाईंनी नरेशकडे बघितलं, मग माझ्याकडे. थोड्या वेळाने उठून आत गेल्या आणि मला चहा टाकू न देता स्वतः टाकला.

साहेब ओटीच्या कडेला बसले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, आणि मला कळलं की आत्ता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही.

"साहेब, त्या दिवशी तुमी थांबवला का नाय?"

त्यांनी वर बघितलं. मी त्यांना आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट होती. ते विचार करून बोलले, तुटण्याची जागा सांगता येते का, ते त्यांना बघायचं होतं. आकडे मांडले आणि उत्तर समोर आलं. मग ते बरोबर आहे की नाही हे बघितल्याशिवाय राहवेना. एवढंच. पाहुण्यांनाही ते बघून आनंद होईल असं त्यांना खरोखरच वाटलं होतं.

"आनि आमी?" मी म्हटलं. "चाळीस मानसं व्हतो."

साहेबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता ते काही समजूत घालतील, नशीब म्हणतील, पाहुण्यांना नावं ठेवतील.

"ते मी धरलं नव्हतं," ते म्हणाले.

मग उठले. टेम्पोत एकच पोतं उरलं होतं, आमचं. ते त्याला एकट्यानेच ओढायला लागले. पोतं जागचं हललं, पण उचललं जाईना. नरेशने माझ्याकडे बघितलं. मी त्या पोत्याकडे बघितलं. मग मी मान हलवली, आणि तो दुसरं टोक धरायला उठला.